'नर्सच का?' या प्रश्नाचे खरे उत्तर



बारावीनंतर आपल्या धर्मग्रामातील काही मुली नर्सिंगच्या प्रवेशाच्या मागे लागतात. बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याची सीईटी, पुण्याच्या ए.एफ.एम.सी.साठी नीट, आणि मिशन हॉस्पिटलच्या शाळेत अर्ज करायचा तर सोबत धर्मगुरूंची चिठ्ठी. चिठ्ठीसाठी आलेल्या मुली हमखास विचारतात, "फादर, मुलाखतीत 'नर्सच का?' असे विचारले तर काय सांगू?" उत्तर पाठ असते: मला रुग्णांची सेवा करायची आहे. घरातले कारण वेगळे असते. पप्पांची तळोज्याची कंपनी बंद पडली, पाठीवर दोन भावंडे आहेत, मावशीची मुलगी आखातात नर्स आहे आणि तिने गावी घर बांधले.

मग सेवेची भाषा खोटी का?

पगार आणि प्रेम एका घरात नांदत नाहीत असे आपण गृहीत धरतो, तिथेच गल्लत होते. लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला आठवा. जखमी माणसाला उतारशाळेत आणून शोमरोनी दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने गेला. पुढचे दिवस त्याचे करणारा होता उतारशाळेचा रक्षक, तोही दोन नाणी घेऊन आणि वरच्या खर्चाची हमी घेऊन! प्रभू येशूने त्याला नावे ठेवलेली नाहीत.

आपल्या मुंबईतलेच उदाहरण घ्या. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमानुष हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, तिथल्या परिचारिकांनी त्यांना भरवले, पुसले, कूस बदलून दिली. पहिल्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. या साऱ्या महापालिकेचा पगार घेणाऱ्या नोकरदार स्त्रिया होत्या, ड्युटी संपली की लोकल पकडून घरी जाणाऱ्या. हल्ल्यानंतर परिचारिकांनी कामाच्या चांगल्या परिस्थितीसाठी संपही केला होता. पुढे अरुणाताईंना तिथून हलवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा याच स्त्रिया आडव्या उभ्या राहिल्या. २०११ मध्ये दयामरणाचा अर्ज फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांनाच त्यांची जवळची माणसे मानले. हक्कासाठी संप करणारे हात आणि कूस बदलणारे हात एकच होते.

उलट 'सेवा' या शब्दाच्या आड मुलींना स्वस्तात राबवून घेतले गेले आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीला ५० खाटांहून लहान खासगी रुग्णालयातही दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस करावी लागली. आपल्या ख्रिस्ती संस्थांनीही ती वाचावी.

अॅरिस्टॉटल म्हणतो, वैद्य रोग्याला बरे करावे की नाही यावर खल करत नाही, कसे करावे यावर करतो. संत थॉमस अॅक्विनास यांनीही हाच धागा पुढे नेला: विचारविनिमय साधनांचा असतो. नर्सिंगचे साध्य रुग्ण आहे. मुलगी कुठल्याही कारणाने या दारातून आत येवो, आत आल्यावर ते साध्य तिचे होते. म्हणून मुलाखतीत दोन्ही सांगावे: घराला आधार हवा आहे, आणि हे काम मी मन लावून शिकेन. यात लाजण्यासारखे काय आहे?

साध्य ठरले की कॉलेजांची तुलना बिनदिक्कत करा. नेरूळ, कामोठे, बेलापूर, सगळीकडे जाऊन या. तीन वर्षांचे जी.एन.एम. की चार वर्षांचे बी.एस्सी., फी किती, वसतिगृह कसे, हे विचाराच. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केल्यापासून पालक आधी 'जर्मनीला पाठवतात का?' असे विचारतात. मी म्हणेन, आधी वॉर्ड बघा. खाटा रिकाम्या असतील तर मुलगी सारे पुतळ्यावरच शिकणार आणि पहिला खरा रुग्ण तिला नोकरीत भेटणार.

तरीही दोन ठिकाणी मन अडकले, तर संत इग्नाशियस यांची एक युक्ती आहे. आपल्या ओळखीची नसलेली, पण जिचे भले व्हावे असे वाटते अशी एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिला काय सल्ला द्याल? तोच आपल्या मुलीला द्या.

एक गोष्ट मात्र मला खटकते. हातात एक जागा असताना 'असू दे' म्हणून दुसरीही शेवटच्या दिवसापर्यंत अडवून ठेवली जाते. प्रतीक्षायादीत खाली उरणची किंवा कर्जतची एखादी मुलगी फोनची वाट पाहत असते. मुदत संपते, जागा रिकामी राहते आणि तिचे वर्ष जाते. यात नियम मोडला नसेलही, पण तिचे नुकसान खरे आहे. निर्णय झाला की त्याच दिवशी दुसऱ्या कॉलेजला लेखी कळवा. मूळ दाखले परत द्यायला कोणी टाळाटाळ केली तर मला सांगा, मी तुमच्याबरोबर येईन.

तुमचा,
फादर