देणाऱ्यालाही भरून घेऊ द्या



पावसाळ्यात लाइट गेली की सारे घर पॉवर बँक शोधते. तिच्यावर २०,००० एमएएच लिहिलेले असते, पण मोबाइलला तेवढे मिळत नाही. तो आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचा, मोबाइलसाठी त्याचे ५ व्होल्ट करताना तो घटतो, शिवाय काही शक्ती उष्णतेत जाते. देताना झीज होतेच. आणि एवढी मोठी बँक साध्या चार्जरवर भरायला जवळजवळ रात्र जाते.

घरोघरी अशी माणसे आहेत. अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणारी सून पाहा. सगळे तिच्याकडून घेतात. ती कुठून भरून घेते, हे कुणी विचारत नाही.

कफर्णहूमात सारे गाव दाराशी लोटले आणि प्रभू येशूने अनेकांना बरे केले. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे तो एकांतात प्रार्थनेला गेला (मार्क १:३५). कामे संपली नव्हती. लोक त्याला शोधतच होते. ज्याला पुष्कळ द्यायचे असते, त्याला पित्याजवळ निवांत वेळ हवाच.

म्हणून येत्या रविवारी त्या आजारी माणसाजवळ तासभर तुम्ही बसा. सुनेला मिस्साला येऊ द्या. तीही तुमची प्रार्थनाच.

आपला,
प्रमुख धर्मगुरू