वैमानिकाने पुस्तक वाचावे का?



आपल्या धर्मग्रामातल्या कितीतरी घरांतील माणसे कामासाठी आखातात आहेत. आपण त्यांना विमानतळावर सोडतो, ‘पोहोचल्यावर फोन कर’ असे सांगतो आणि घरी परततो. त्या क्षणापासून आपले माणूस दोन अनोळखी व्यक्तींच्या हाती असते. त्यांचे चेहरेही आपण पाहिलेले नसतात. म्हणूनच एक प्रश्न आज आपल्यापुढे ठेवावासा वाटतो. विमान उंचावर जाऊन स्थिर झाले, ऑटोपायलट लावला, पुढचे काही तास सरळ प्रवास आहे. अशा वेळी वैमानिकाने विरंगुळा म्हणून वर्तमानपत्र किंवा कादंबरी उघडली, तर ते योग्य आहे काय?

‘मुळीच नाही!’ असेच आपल्यापैकी बहुतेक जण म्हणतील. आम्हीही प्रथम तेच म्हटले. एसटीचा चालक स्टिअरिंगवर पेपर पसरून बसला, तर आपण तिथेच गाडी थांबवायला लावू. पण विमानाची गोष्ट थोडी वेगळी आहे. उंचावर दिशा, उंची आणि वेग ऑटोपायलट सांभाळतो. वैमानिकाने यंत्रांवर नजर ठेवायची, इंधनाचा हिशेब तपासायचा, हवामान पाहायचे आणि जमिनीवरच्या नियंत्रण कक्षाशी बोलायचे. त्या तासांतले त्याचे काम हातांचे कमी आणि जागेपणाचे जास्त असते.

आणि जागे राहणे, तेही काहीच घडत नसताना, हे माणसाला फार जड जाते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे रडारवर बसणारे लोक काही वेळाने पडद्यावरच्या खुणा टिपायला चुकू लागत. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने याचा अभ्यास करून १९४८ साली निष्कर्ष मांडले. त्याने माणसांना एका काट्याकडे दोन तास बघत बसवले. काटा मधूनच एखादी दुप्पट उडी मारी, ती ओळखायची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढल्या. ही माणसे आळशी नव्हती. मन रिकाम्या गोष्टीकडे टक लावून राहू शकत नाही, एवढेच खरे. मात्र अर्धा तास काम आणि अर्धा तास विसावा असे केल्यावर लक्ष टिकून राहिले.

रिकामे मन झोपेकडेही वळते. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १५८ जण मृत्युमुखी पडले, ८ वाचले. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रण सुमारे दोन तासांचे होते. त्यातला बराचसा काळ मुख्य वैमानिक झोपलेला होता, असे चौकशीत दिसून आले. उतरताना सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्यास सुचवले, तेही ऐकले गेले नाही. झोपेतून उठल्यावरची सुस्ती हेही एक कारण असू शकते, असे चौकशी समितीने नोंदवले. हे वाचल्यावर वाटते, चार पाने वाचून डोळे उघडे राहिले असते तर काय वाईट झाले असते?

पण थांबा, दुसरी बाजूही पाहू या. २१ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेत सॅन दिएगोहून मिनिआपोलिसला निघालेले, १४४ प्रवाशांचे विमान आपले शहर ओलांडून १०० मैलांहून अधिक पुढे निघून गेले. सुमारे १ तास १७ मिनिटे त्याचा नियंत्रण कक्षाशी संपर्क नव्हता. दोन्ही वैमानिक आपापले लॅपटॉप उघडून ड्युटीच्या वेळापत्रकाबद्दल बोलत बसले होते. ‘आपण कधी पोहोचणार?’ असे विचारायला हवाईसुंदरीने आतून फोन केला, तेव्हा ते भानावर आले. विमान सुखरूप उतरले, पण दोघांचे परवाने रद्द झाले. पुढे २०१४ साली अमेरिकेने कॉकपिटमध्ये वैमानिकांच्या खाजगी लॅपटॉप-मोबाइल वापरावर बंदी घातली. कागदी पुस्तकाचा त्या नियमात उल्लेख नाही. १९८१ चा नियम इतर वाचनाला मनाई करतो, पण ती मुख्यतः उड्डाण, उतरणे आणि १०,००० फुटांखालचा प्रवास यांपुरती. म्हणजे वरच्या शांत तासांचा प्रश्न बराचसा विमान कंपन्यांवर आणि वैमानिकांच्या विवेकावर सोडलेला आहे.

आणि वरची शांतता नेहमी शांत राहतेच असे नाही. १९ फेब्रुवारी १९८५ रोजी तैपेईहून लॉस एंजेलिसला जाणारे जम्बो विमान ४१,००० फुटांवर होते. सुमारे दहा तास सारे सुरळीत चालले होते. मग एका इंजिनाची शक्ती गेली. विमान ऑटोपायलटवरच राहिले, ते कलत असल्याचे वेळेवर लक्षात आले नाही, आणि अडीच मिनिटांत ते ३०,००० फुटांहून अधिक खाली आले. दैव बलवत्तर म्हणून सगळे वाचले. तिथे कोणाच्याही हातात पुस्तक नव्हते. तरीही नजर चुकली. लक्ष चुकायला पुस्तकच लागते असे नाही!

म्हणून आम्हाला वाटते, दोष पुस्तकात नाही. मिनिआपोलिसच्या विमानात खरी चूक कोणती झाली? दोघेही एकाच वेळी, एकाच गोष्टीत बुडाले. ‘मी थोडा वेळ बाजूला आहे, तू बघ’ असे कोणी कोणाला म्हटले नाही. वाचायचेच असेल तर एका वेळी एकानेच वाचावे, सोबत्याला सांगून वाचावे, आणि वाक्याच्या मध्यावर खाली ठेवता येईल असे काही वाचावे. खाली उतरण्याची तयारी सुरू होण्यापूर्वी ते मिटलेले असावे. आणि जिथे कंपनीचा किंवा देशाचा नियम ‘नाही’ म्हणतो, तिथे ‘नाही’च.

कोणी विचारील, सरळ बंदीच का नको? कारण माणूस आठ तास टक लावून बसू शकतो असे गृहीत धरणारी बंदी त्याला लपवायला शिकवते. उघड ठेवलेले पुस्तक सोबत्याला दिसते, तो सावध राहतो. लपवलेले पुस्तक दोघांनाही फसवते. शिवाय वैमानिकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा: मागच्या सीटवरची आई आत्ता दार उघडून आत आली, तर मी काय करतोय हे तिला न लाजता सांगू शकेन का?

हा प्रश्न फक्त वैमानिकांचा नाही. रात्रपाळीची नर्स, सोसायटीचा वॉचमन, हॉस्पिटलात आजारी वडिलांच्या उशाशी बसलेली मुलगी, या सर्वांचे काम काही घडेपर्यंत जागे राहण्याचे आहे. त्यांच्या हातात पुस्तक दिसले तर लगेच रागावू नये. आणि आपण स्वतः अशा जागी असलो, तर ‘मला थकवा आलाय, जरा तू बघ’ एवढे म्हणायची लाज बाळगू नये. आपल्यावर विसंबून कोणीतरी निर्धास्त झोपलेले असते. त्याच्यासाठी तेवढा प्रामाणिकपणा आपण दाखवायलाच हवा.