यंत्राचा धर्म आणि माणसाचा शब्द

मनुष्य जेव्हा एखादी मोलाची वस्तू विकत घेतो, तेव्हा तो केवळ तिच्या उपयोगाची किंमत मोजत नसतो. आयुष्यातील एक चिंता कायमची मिटावी या अपेक्षेचीही किंमत तो त्याच रकमेत मोजत असतो, आणि ही दुसरी अपेक्षा कोणत्याही करारनाम्यात लिहिलेली नसल्यामुळे ती भंगली म्हणजे दाद कोठे मागावी हे त्याला उमगत नाही. घराच्या किमतीची आलिशान एसयूव्ही घेऊन पुढे तिच्या त्याच त्या बिघाडांनी गांजून गेलेल्या गृहस्थाची अवस्था नेमकी अशी असते. दसऱ्याला झेंडूचा हार घालून पूजलेली ती गाडी एखाद्या सकाळी एका अंगाला खचलेली दिसते, सर्व्हिस सेंटरात जाऊन येते, महिना-दोन महिने नीट चालते आणि पुन्हा तशीच खचते. अशा वेळी मनात उसळणाऱ्या संतापाला धर्मदृष्ट्या काही स्थान आहे काय, की तो निव्वळ आसक्तीचा विकार समजून सोडून द्यावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसला तरी विचार करण्याजोगा आहे.

बिघाडाचे स्वरूप आधी नीट पाहू. पुष्कळशा महागड्या एसयूव्हींमध्ये पोलादी स्प्रिंगांच्या जागी दाबलेल्या हवेचे रबरी फुगे असतात. चाकांपाशी उंची मोजणारे सेन्सर असतात आणि त्यांच्या सूचनेनुसार एक लहानसा कॉम्प्रेसर त्या फुग्यांत हवा भरून गाडीचा तोल राखतो. कालांतराने रबर आपल्या घडीपाशी तडकते, त्या चिरेतून हवा झिरपू लागते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर गरजेपेक्षा कितीतरी अधिक वेळ चालत राहून तापतो, झिजतो आणि अखेर बंद पडतो. मग कॉम्प्रेसर बदलला जातो, भले मोठे बिल होते, आणि मूळची गळती तशीच राहिली असेल तर नवा कॉम्प्रेसरही जुन्याच्याच वाटेने जातो. माझ्या गाडीच्या बाबतीत हेच घडल्यावर एका वृद्ध मेकॅनिकने साबणाचे पाणी त्या रबराच्या घडीवरून फिरवले आणि तो स्वस्थ बसून राहिला. काही वेळाने फेसात एक बारीक बुडबुडा फुगला, फुटला आणि पुन्हा त्याच जागी फुगला. “साहेब, कॉम्प्रेसर बिचारा मरेपर्यंत राबला. आधी गळती काढायला हवी होती,” एवढेच तो म्हणाला. बौद्ध परंपरेतील चार आर्यसत्यांत दुःखाच्या पाठोपाठ दुःखाच्या कारणाला स्थान का दिले आहे, हे त्या घटकेला मला जितके स्पष्ट कळले तितके पूर्वी ग्रंथ वाचून कळले नव्हते.

त्याच परंपरेतील ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा रथासंबंधीचा संवाद आहे. आपण रथातून आलो असे राजा सांगतो, तेव्हा आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, असे नागसेन एकेका अवयवाचे नाव घेऊन विचारत जातो आणि राजाला प्रत्येक वेळी नकार द्यावा लागतो. ‘गाडीने मला दगा दिला’ असे म्हणणाऱ्या मालकानेही स्वतःला हाच प्रश्न करावा. दगा कोणी दिला? तडकलेल्या रबराने, की झिजलेल्या कॉम्प्रेसरने? तडकणे आणि झिजणे हा त्यांचा स्वभावधर्म आहे, त्यांच्या ठायी कपट नाही. ज्या गाडीवर आपण चिडतो ती या सुट्या भागांत कोठेच सापडत नाही. ती आपल्या प्रतिष्ठेच्या कल्पनेत उभी असते, आणि म्हणूनच शेजाऱ्यांच्या देखत ती टोइंगच्या ट्रकवर चढते तेव्हा पैशाच्या नुकसानीहून अधिक काहीतरी आतून दुखते. हा संताप सोडण्यासारखाच आहे. विषयाच्या चिंतनापासून आसक्ती, काम आणि क्रोध यांच्या मार्गाने बुद्धिनाशापर्यंत जाणारी जी साखळी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितली आहे, तिच्या सगळ्या कड्या अशा मालकाच्या घरात एका आठवड्यात पाहायला मिळतात.

परंतु येथेच थांबून, ‘सर्व अनित्य आहे, मग तक्रार कशाला?’ असा उपदेश जे करतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. झिजणे हा यंत्राचा धर्म असला, तरी दिलेला शब्द पाळणे हा माणसाचा धर्म आहे, आणि पहिल्याच्या आडोशाने दुसऱ्याला सूट देता येत नाही. ज्याने हमी लिहून दिली आणि कारण न शोधताच पुन्हा पुन्हा बिल हाती ठेवले, त्याच्याकडे खुलासा मागणे हे वैराग्याच्या विरुद्ध नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त गीतेचे तात्पर्य कर्मसंन्यासात नसून निष्काम कर्मात आहे असे प्रतिपादन केले; त्या दृष्टीने पाहता रोष न ठेवता केलेली फिर्याद हेही कर्तव्यकर्मच ठरते. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. पुढे 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि त्याची जागा 2019 च्या कायद्याने घेतली. सदोष मालाची दुरुस्ती, बदली, किमतीचा परतावा आणि नुकसानभरपाई मागण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे; मात्र दोष मुळातला आहे हे दाखवण्यासाठी बहुधा तज्ज्ञाचा अहवाल आणि प्रत्येक खेपेचे दस्तऐवज लागतात, आणि ते दस्तऐवज संतापलेल्या मनाला जपता येत नाहीत. शांत चित्ताची गरज अध्यात्माइतकीच व्यवहारालाही आहे, ती अशी.

ही श्रीमंताची तक्रार आहे, तिची दखल कशाला घ्यावी, असेही कोणी म्हणेल. न्यायाचा हक्क वस्तूच्या किमतीवर ठरत नाही, हे त्याचे एक उत्तर. पण हे उत्तर देणाऱ्याने दुसरेही मान्य केले पाहिजे, की ज्याची रिक्षा बंद पडली म्हणजे त्या दिवसाची चूल अडते, त्याची कैफियत आपल्या कैफियतीपेक्षा आधी ऐकली जाण्यास पात्र आहे. स्वतःच्या त्रासातून एवढी सहानुभूती ज्याला आली नाही, त्याचा तो त्रास वायाच गेला असे मी समजतो.

म्हणून अशा गाडीच्या मालकांना माझी एवढीच विनंती आहे: यंत्राला क्षमा करा, गळती शोधून देणाऱ्या कारागिराचा मान राखा, जॉब कार्डे जपून ठेवा, ज्याने शब्द दिला त्याच्याकडून तो लेखी मागून घ्या, आणि या सगळ्या खटपटीत घरच्या माणसांशी बोलण्याचा आपला सूर बिघडू देऊ नका.