दम कधी खायचा, हे ठरवणार कोण?

हृदयविकार हा साहेब लोकांचा आजार, असा आपल्याकडे पक्का समज आहे. जबाबदारी मोठी, म्हणून ताण मोठा, म्हणून दुखणंही मोठं. लंडनच्या व्हाइटहॉलमधल्या सरकारी कचेऱ्यांनी हा समज पार उलटा केला. 1967 पासून तिथल्या जवळजवळ अठरा हजार पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी झाली आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांच्यातल्या मृत्यूंची नोंद ठेवली गेली. निरोपे, दरवान अशा सर्वांत खालच्या श्रेणीतल्या माणसांचा मृत्युदर सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाला.

गरिबीवर बोट ठेवून हा आकडा झटकता येत नाही. त्या कचेऱ्यांत उपाशी कोणी नव्हतं. नोकरी पक्की होती आणि 1948 पासून सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांना मोफत होती. खालच्या श्रेणीत सिगारेटी जास्त ओढल्या जात, हे खरं. पण धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल असं सगळं हिशेबात धरूनही फरकाचा फार तर एक तृतीयांश भाग उलगडला. मला सर्वांत अस्वस्थ करतं ते आणखी वेगळंच. वरून दुसऱ्या पायरीवरचा चांगला शिकलेला, चांगला पगारदार अधिकारीही पहिल्या पायरीवरच्यापेक्षा अधिक धोक्यात होता. पायरीगणिक आयुष्य उतरत होतं.

संशोधक मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये तिथेच दुसरी पाहणी सुरू केली. यावेळी 10,308 जण होते आणि त्यांत स्त्रियाही होत्या. त्यांना कामाबद्दल साधे प्रश्न विचारले गेले. काम कसं करायचं हे तुम्ही ठरवता का? निर्णय घेताना तुमचं ऐकलं जातं का? थोडा दम कधी खायचा, हे तुमच्या हातात आहे का? 1997 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. श्रेणीश्रेणींतल्या हृदयविकाराच्या फरकाचा सर्वांत मोठा वाटा कामावरच्या या अधिकाराशी, म्हणजे तो नसण्याशी, जोडलेला होता. रक्तदाबाचं निरीक्षण तर विलक्षण आहे. कचेरीत असताना साहेब आणि कारकून दोघांचा रक्तदाब सारखाच चढलेला असे. घरी गेल्यावर साहेबाचा चांगला खाली येई, कारकुनाचा तितका येत नसे. दुसऱ्याच्या हुकमावर काढलेला दिवस शरीर उंबऱ्याबाहेर ठेवून येत नाही.

ही लंडनची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. पण दरवर्षी बीड जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फडातून हलता येत नाही. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचा दंड 2019 च्या सुमारास पाचशे रुपयांच्या घरात होता. पाळी आली तरी खाडा, पोटात कळा आल्या तरी खाडा. राहायच्या कोपीत न्हाणीघर नाही, फडात आडोसा नाही. पहाटे मोळ्या बांधायच्या आणि गाडी आली की रात्री-अपरात्रीही भरायला उठायचं. इथे दम कधी खायचा हा प्रश्नच कोणी विचारत नाही.

2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर जे आकडे आले, ते प्रत्येक मराठी माणसाला माहीत असायला हवेत. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे दर सहा जणींमागे एक. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये देशभरात हे प्रमाण सुमारे 3 टक्के होतं. नफेखोर डॉक्टरांवर यातला दोष जातोच, आणि जायलाच हवा. पण ज्या बाईला आजारी पडण्याचीही मुभा नाही, तिने शस्त्रक्रियेला दिलेल्या होकाराला संमती म्हणायला मी तयार नाही.

माणसांचा आधार आयुष्य वाढवतो, हेही सिद्ध आहे. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅलमेडा परगण्यातल्या सुमारे सात हजार लोकांचा नऊ वर्षं मागोवा घेऊन लिसा बर्कमन आणि लेनर्ड साइम यांनी 1979 मध्ये दाखवलं की, सर्वांत कमी नातीगोती असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. हेच साइम मार्मट यांचे गुरू. मग ऊसतोडीच्या टोळीत तर माणसं असतात, भावकी असते, कोपीला कोपी लागून असते. तो आधार खोटा नाही. तापलेल्या पोराला शेजारीणच सांभाळते. पण सगळ्याच जणी उचलीत बांधलेल्या असल्या की, एकीने गर्भाशयाची पिशवी काढली तर दुसरीलाही तोच मार्ग दिसतो. सोबतीला अधिकाराची जोड नसेल तर ती सोबतही सोसायलाच शिकवते.

म्हणून आरोग्य शिबिरं आणि गोळ्यांची पाकिटं वाटून हा प्रश्न सुटेल, असं मला वाटत नाही. शिबिरं जरूर भरवा. पण आधी खाड्याचा दंड कायद्याने बंद करा, पाळीच्या आणि आजारपणाच्या दिवसांची मजुरी कारखान्याकडून वसूल करा आणि उचलीचा लेखी हिशेब बाईच्या नावाने तिच्या हातात द्या. ज्या गावात साखर कारखाना आहे तिथल्या वाचकांनी, विशेषतः सभासद शेतकऱ्यांनी, येत्या वार्षिक सभेत एवढं एकच विचारावं: आपल्या फडात खाडा कापला जातो का, आणि कोणाच्या हुकमाने?