थोडक्यात भागवणारा



ओहोटी लागली की कोकणातल्या खाडीकाठच्या बायका चिखलात उतरतात. हातानं चाचपत शिंपले काढतात. वरचा चिखल करडा. बोटभर खाली तो काळा, कुजकट वासाचा. तिथं प्राणवायू जवळजवळ नसतोच. तरी शिंपला तिथं जगतो. तो थोडक्यात भागवतो.

पाणी असतं तेव्हा बारीक नळी वर काढून तो श्वास घेतो, खातो. पाणी ओसरलं की कवच मिटतो. हृदयाचे ठोके मंदावतात. साठवलेलं अन्न प्राणवायूवाचून, जपून वापरतो. त्यानं अंगात आम्ल साचतं. मग स्वतःच्याच कवचाचा चुना आतून जरासा विरघळतो आणि ते आम्ल शमतं. रोज सांभाळणारं कवच असंही कामी येतं! मला याचं फार अप्रूप वाटतं.

मंडळी, घरालाही ओहोटी लागते. पगार थांबतो. आजारपण येतं. तेव्हा घरातलं कुणीतरी गप्प होतं. कमी बोलतं, कमी मागतं. आपण म्हणतो, खचला बिचारा. मला तसं वाटत नाही. तो थोडक्यात भागवत असतो. घर टिकावं म्हणून आतून झिजत असतो. अशा माणसाला खोदून खोदून विचारू नये. शेजारी बसावं.

भरती आली की शिंपला उघडतो. काही काळ नेहमीपेक्षा जास्त प्राणवायू घेतो. मागचं साचलेलं फेडायचं असतं ना! तुमच्या माणसाचे दिवस पालटले, तर त्यालाही तेवढी सवड द्या. लगेच कामाला जुंपू नका.