ताळेबंद आणि ऋणमुक्ती

मनुष्य जेथे वस्ती करतो तेथे तो सृष्टीचा देणेकरी होतो, ही जाणीव आपल्या धर्मविचारात फार प्राचीन आहे. मनुस्मृतीतील विषमतेचा धिक्कार म्हणून १९२७ साली महाडला तिचे दहन झाले, आणि तो धिक्कार यथार्थच होता. परंतु त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाविषयी जो एक विचार नमूद आहे, तो स्वतंत्रपणे पारखून घेण्याजोगा आहे. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा या पाच ठिकाणी प्रत्येक घरात, घरधन्याची इच्छा असो वा नसो, जीवहिंसा घडते, आणि तिचे परिमार्जन म्हणून त्याने पाच महायज्ञ करावेत, असा तो विचार आहे. हिंसा घडते म्हणून संसार टाकावा असे येथे म्हटलेले नाही, आणि ती अपरिहार्य म्हणून तिची दखल घेऊ नये असेही नाही. घ्यावे लागते म्हणून द्यावेही लागते, आणि तेही नित्य, हा त्याचा आशय.

नागर जीवनात या पाच स्थानांपैकी बहुतेकांची जागा विजेने घेतली आहे, आणि त्याबरोबर हिंसेचे स्थानही दृष्टीआड गेले आहे. पुण्याच्या घरात दिवा लागतो तेव्हा त्यासाठीचा कोळसा चंद्रपुरास किंवा कोराडीस जळत असतो. उजेड एकाच्या घरी आणि राख दुसऱ्याच्या अंगणी, अशी ही वाटणी आहे. म्हणूनच एखाद्या पेठेने किंवा उपनगराने वर्षभरात जितकी ऊर्जा वापरावी तितकी स्वतःच्या हद्दीत निर्माण करावी, हे जे ध्येय आज नगररचनाकार पुढे ठेवीत आहेत, त्याकडे केवळ अभियांत्रिकीची बाब म्हणून पाहणे अपुरे होईल. त्यामागे एक नैतिक आकांक्षा आहे. प्रश्न असा, की जमा आणि खर्च यांचा मेळ बसला म्हणजे मनुष्य ऋणमुक्त होतो काय?

या ध्येयाचा एक प्रत्यक्ष नमुना जर्मनीच्या नैर्ऋत्येस फ्रायबुर्ग शहरात आहे. १९७०च्या दशकात जवळच्या वील या गावी योजिलेल्या अणुवीजकेंद्रास तेथील शेतकऱ्यांनी, द्राक्षबागाईतदारांनी आणि विद्यार्थ्यांनी एकजुटीने विरोध केला व ते केंद्र अखेर झालेच नाही. त्या लढ्यातून या शहराला ऊर्जेविषयी विचार करण्याची सवय जडली. पुढे १९९२ साली फ्रेंच सैन्याने तेथील छावणी रिकामी केली, तेव्हा त्या जागेवर व्होबाँ नावाची वस्ती नागरिकांच्या सहभागाने उभी राहिली. शेजारीच श्लीअरबेर्ग येथे रोल्फ डिश या वास्तुविशारदाने ५९ घरांची सौरवसाहत रचली. तेथील दक्षिणाभिमुख घरे आपल्या छपरांवर वर्षाकाठी आपल्या गरजेहून अधिक ऊर्जा मिळवितात.

हे कर्तृत्व निःसंशय मोठे आहे. पण त्याचा ताळेबंद बारकाईने वाचला म्हणजे त्यात तीन कलमे विचारणीय दिसतात. पहिले मुदतीचे. हिशेब वर्षाचा मांडलेला असतो; उन्हाळ्यात जे अधिक पिकते ते सामायिक ग्रिडला दिले जाते आणि हिवाळ्यात, सूर्य खाली उतरलेला व आकाश झाकोळलेले असताना, त्याच ग्रिडमधून परत घेतले जाते. अर्थात ज्याला स्वयंपूर्णता म्हणावे ते वस्तुतः परस्परावलंबनच असते, आणि दुसऱ्या कोणी पौषातल्या रात्री वीज पुरविली नाही तर ते टिकणार नाही. दुसरे कलम हद्दीचे. वस्तीतील दिवे आणि पंप हिशेबात धरले, पण तेथील रहिवाशाचा विमानप्रवास, त्याचे अन्न आणि त्याची वस्त्रे हद्दीबाहेर राहिली, तर बाकी शून्य दिसते, ऋण मात्र तसेच उरते. तिसरे कलम पूर्वसंचिताचे. सिमेंट, पोलाद, काच आणि खुद्द सौर पॅनेल निर्माण करताना जी ऊर्जा खर्ची पडली, ती घरात पहिला दिवा लागण्यापूर्वीच आपल्या नावे पडलेली असते.

मग हा सारा उपद्व्याप व्यर्थ म्हणावा काय? मला तसे वाटत नाही, आणि या ठिकाणी विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या व साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या गीताप्रवचनांतील एका विवेचनाचा फार उपयोग होतो. सतराव्या अध्यायावर बोलताना यज्ञ, दान आणि तप यांचा त्यांनी जो अर्थ लावला तो असा, की आपण सृष्टीची जी झीज करतो ती भरून काढणे हा यज्ञ, समाजाचे जे ऋण आपल्यावर असते ते फेडणे हे दान, आणि शरीर शुद्ध राखण्यासाठी जे करावे लागते ते तप. ऊर्जेचा हिशेब या दृष्टीने मांडला तर कळते, की छपरावरचे सौर पॅनेल हा फार तर यज्ञ झाला. तप आणि दान अद्याप शिल्लकच राहतात.

व्होबाँचे खरे महत्त्व मला त्यातील तपात दिसते. तेथे प्रथम गरज कमी करण्यात आली आणि मग पुरवठ्याचा विचार झाला. उष्णता बाहेर निसटू न देणाऱ्या भिंती, वस्तीच्या मध्यातून जाणारी ट्राम, मोटार ठेवायचीच असेल तर ती वस्तीच्या कडेला वेगळे मोल देऊन ठेवण्याचा दंडक, या साऱ्यांमुळे खर्चाची बाजूच लहान झाली. अमर्याद वासनेची भरपाई अमर्याद उत्पादनाने करण्याचा मार्ग आणि वासनेला मर्यादा घालण्याचा मार्ग, हे दोन्ही कागदावर एकाच शून्याशी पोहोचतात. परंतु पहिल्याने मनुष्य होता तसाच राहतो, दुसऱ्याने तो पालटतो.

दानाचा विचार तर आपल्या शहरांत अधिकच निकडीचा आहे. महाराष्ट्रात एक किलोवॅटच्या सौरसंचास सुमारे १०० चौरस फूट गच्ची लागते आणि त्यातून सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज मिळते. बेताने राहणाऱ्या कुटुंबाची तेवढ्यावर गुजराण होते. प्रत्येक मजल्यावर ४ घरे असलेल्या चार मजली इमारतीला २,००० चौरस फुटांची गच्ची असेल तर तिच्या १६ कुटुंबांची सोय कशीबशी लागते. त्याच गच्चीखाली ४० मजले चढले, तर १६० कुटुंबांना १६,००० चौरस फूट लागतील, आणि ते आणायचे कोठून? धारावीसारख्या दाट वस्तीत तर दर माणशी वाट्याला येणारे आकाशच अत्यल्प आहे. तेव्हा प्रत्येक मोहल्ल्याने आपापला मेळ आपण बसवावा असा सरसकट नियम केला, तर प्रशस्त बंगल्यात राहणारा पुण्यवान ठरेल आणि दहा फुटांच्या खोलीत राहून पायी कामावर जाणारा, सृष्टीवर ज्याचा भार सर्वांत कमी तो श्रमिक, थकबाकीदार म्हणून दप्तरी नोंदला जाईल. आकाशाच्या मालकीला पुण्य मानणारी ही नीती धर्म होऊ शकत नाही. गीतेचा तिसरा अध्याय केवळ स्वतःसाठी अन्न शिजविणाऱ्यास पापाचा भागीदार म्हणतो. तोच न्याय केवळ स्वतःसाठी वीज पिकविणाऱ्या वस्तीलाही लागू आहे.

म्हणून शून्य बाकी हे ऋणमुक्तीचे प्रमाणपत्र मानू नये. दृष्टीआड गेलेले ऋण पुन्हा डोळ्यांपुढे आणणारे साधन म्हणून त्याचा आदर करावा. हिशेबाचा घटक एकटी वस्ती न राहता संपूर्ण शहर असावे. ज्या पेठेला मोकळे छप्पर अधिक, तिने अधिक पिकवावे, आणि ते आधिक्य तिचा नफा न समजता दाट वस्तीचा हक्क समजावा. आज आपल्या शहरांत जुन्या इमारतींचा पुनर्विकास सर्वत्र चालू आहे. प्रत्येक आराखडा मंजूर होण्यापूर्वी, गरज किती कमी केली, झीज किती भरून काढली आणि शेजाऱ्याला किती दिले, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यावर लिहिलेली असणे आवश्यक आहे. या प्रश्नांची उत्तरे एकदाच देऊन भागणार नाही. महायज्ञ नित्य सांगितले आहेत, कारण ऋणही नित्य होत असते.