तीन सूत जागा

वसईतल्या एका वाडीत जुनं कौलारू घर होतं. पुढे केळी, मागे बावखल. घर पडायला आलं, तेव्हा घरच्यांनी ते उतरवलं आणि त्याच जागी नवं बांधलं. माळ्याच्या सागवानी फळ्या मात्र आजीने विकू दिल्या नाहीत. नव्या घरात त्या कुठेतरी लागतील, असं ती म्हणत राहिली.

नव्या घरात बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यात भिंत नव्हती, उंबराही नव्हता. हल्ली मध्ये काही आलेलं कोणालाच नको असतं. ओट्याच्या बाजूला पाणी सांडतं, तेल उडतं, म्हणून तिथे लादी आणि बैठकीत आजीच्या फळ्या, असं ठरलं.

लादीचा मिस्त्री नायगावहून आला. माणूस कसबी होता. त्याने पाइपातलं पाणी बघून पातळी धरली, फळीची जाडी मोजली आणि दोन्हीचा माथा एक व्हावा म्हणून लादीखालचा माल तेवढा जाड घातला. खोलीच्या मधोमध, दोरी लावल्यासारख्या सरळ रेघेत लादी संपली. तिथे त्याचंही काम संपलं. चौरस फुटाचा हिशेब घेऊन तो गेला.

माघात सुतार आला. हवा कोरडी होती. त्याने फळ्यांना रंधा मारला आणि भिंतीपासून एकेक फळी बसवत तो लादीपर्यंत आला. शेवटची फळी त्याने हातोडीने ठोकून आत घातली. मालकाने जोडावर नख फिरवून पाहिलं. नख कुठे अडकेना. मालक खूश झाला, सुताराला वर बक्षिशी मिळाली.

मग पाऊस लागला. आषाढात भिंतींना ओल आली, बरणीतलं मीठ पाझरलं. एका रात्री स्वयंपाकघराच्या बाजूने कट्ट असा आवाज झाला. सकाळी पाहतात तर दोन लाद्यांच्या कडांचे टवके उडालेले आणि बैठकीतल्या तीन फळ्या जमिनीपासून सुटून वर आलेल्या.

दोघांनाही बोलावणं गेलं. मिस्त्री म्हणाला, लाकूड कच्चं आहे. सुतार म्हणाला, लादी पोकळ बसली आहे. आवाज चढले. मालक एकदा याच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे.

आजीने पाचूबंदरला निरोप धाडला. तिथे तिच्या माहेरच्या ओळखीचा एक म्हातारा होता, जन्मभर होड्या बांधलेला. १ जूनपासून मासेमारी बंद होती, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, म्हणून त्याला सवड होती. तो आला, खाली बसला आणि बोटाच्या पेराने लादी वाजवून पाहिली. फळीला नखाने ओरखडा काढला.

"लादी भरीव बसली आहे," तो म्हणाला. "लाकूडही मुरलेलं आहे. मधला सांधा कोणाच्या कामात होता?"

मिस्त्री गप्प राहिला. सुतारही. मालकाने खिशातले दोन्ही हिशेबाचे कागद काढले. सांधा कोणत्याच कागदावर नव्हता.

"होडी किनाऱ्यावर सुकली की फळ्या आकसतात, फटी उघडतात," म्हातारा म्हणाला. "पाण्यात घातली की फुगतात. फटीत आम्ही कापूस ठासतो, लाकूड नाही ठोकत. लाकूड लांबीला फारसं वाढत नाही, रुंदीला वाढतं. लादी काही सरकत नाही. मग ते लाकूड जाईल कुठे? वर!"

त्याने दोघांना सांध्याच्या दोन बाजूंना बसवलं. मिस्त्रीने फुटक्या लाद्या काढून नव्या बसवल्या. सुताराने शेवटची फळी काढून तासली. मध्ये तीन सूत जागा सोडली आणि पलीकडे भिंतीशीही तेवढीच, स्कर्टिंगखाली झाकून.

"आत्ता लाकूड पुरतं फुगलेलं आहे," म्हाताऱ्याने बजावलं. "माघात ही फट आणखी उघडेल. पट्टी त्या मापाने रुंद घ्या."

पितळी पट्टी आणली. कडा कानशीने घासून मऊ केल्या, पायाला लागू नयेत म्हणून. लादीच्या बाजूने ती पक्की केली. पट्टी आणखी घट्ट बसावी म्हणून सुताराने लाकडाच्या बाजूलाही खिळा धरला, तेव्हा म्हाताऱ्याने त्याचं मनगट पकडलं.

"इथे नुसती टेकू दे."

दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं, तरी जमीन फुटली. नख न शिरणारा जोड फक्त त्या माघातल्या दिवसापुरता खरा होता. जुळलेलं सगळ्या ऋतूंत जुळलेलं राहायचं, तर मध्ये थोडी रिकामी जागा लागते आणि ती जागा आपली म्हणणारा कोणीतरी लागतो.

पुढच्या वर्षी विरारच्या एका टॉवरमध्ये त्या दोघांना असंच काम मिळालं. या वेळी त्यांनी अंदाजपत्रक एकत्र दिलं. त्यात लादीचा दर होता, फळ्यांचा होता आणि खाली तिसरी ओळ होती: सांधा, साडेचौदा फूट, दोघांचा मिळून. घरमालकाने विचारलं, एवढ्याशा पट्टीचे वेगळे पैसे कशाला? सुताराने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, आधी सांगा, फळ्या कोणत्या महिन्यात बसवायच्या आहेत?"